टनेलमधला पत्ता कोणी द्यायचा? व्हीपीएन क्लायंट, डीएचसीपी आणि चार ऑपरेटिंग सिस्टिम

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा व्हीपीएन क्लायंट टॅप पद्धतीचा आहे, म्हणजे टनेलमधून थेट इथरनेट फ्रेम जातात. पलीकडे ऑफिसचा नेहमीचा डीएचसीपी सर्व्हर आहे, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना आयपी पत्ते वाटणारा. विंडोजवर जोडणी झाली की पत्ता आपोआप मिळतो. लिनक्सवर इंटरफेस सुरू होतो, पण पत्त्याविना बसून राहतो. मॅकवर १६९.२५४ ने सुरू होणारा कुठला तरी पत्ता दिसतो. अँड्रॉइडवर तर डीएचसीपी चालवायचा कुठे, इथपासून सुरुवात. सगळीकडे एकसारखं वागणारा कोड हवा आहे, तर पत्त्याचं काम ओएसवर सोडावं की आपण अंगावर घ्यावं?

अंगावर घ्या. व्हीपीएन सर्व्हरने कंट्रोल चॅनेलमधून (क्लायंट आणि सर्व्हर आपसात बोलतात ती वाट) पत्ता सांगावा आणि क्लायंटने तो त्या त्या ओएसच्या एपीआयने इंटरफेसवर बसवावा. टनेलच्या आतून ओएसचा डीएचसीपी क्लायंट चालवणं हा शेवटचा पर्याय. कारण साधं आहे: एका इंटरफेसचा मालक एकच असावा. तुमचा प्रोग्रॅम आणि ओएसची एखादी सेवा, दोघेही त्याच इंटरफेसवर पत्ते आणि राउट लिहायला लागले की आज चालणारी गोष्ट उद्या का बंद पडली, याचा पत्ता लागता लागत नाही.

आता तुम्हाला चार ठिकाणी चार प्रकार का दिसतात ते बघू. विंडोजमध्ये डीएचसीपी क्लायंट नावाची सेवा कायम चालू असते. इथरनेटसारखं दिसणारं ॲडॉप्टर ‘केबल जोडली’ अशा अवस्थेत आलं आणि त्यावर हाताने पत्ता घातलेला नसला, की ती सेवा लगेच डिस्कव्हर (‘मला पत्ता कोण देईल?’ अशी डीएचसीपीची हाक) पाठवते. म्हणजे विंडोजवर ‘आपोआप’ होतंय ते तुमच्या कोडचं कर्तृत्व नाही. लिनक्सचं कर्नल स्वतःहून डीएचसीपीच्या फंदात पडत नाही. ते काम युजरस्पेसमधल्या कोणीतरी करायचं, आणि तो कोणीतरी प्रत्येक मशीनवर वेगळा: कुठे नेटवर्कमॅनेजर, कुठे सिस्टमडी-नेटवर्कडी, कुठे डीएचसीपीसीडी, आणि बऱ्याच सर्व्हरवर कोणीच नाही.

मॅकवरचा १६९.२५४ मात्र बरंच काही सांगून जातो. आरएफसी ३९२७ प्रमाणे डीएचसीपीला उत्तर मिळालं नाही की यंत्र १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ या टप्प्यातला एक पत्ता स्वतःच निवडतं आणि एआरपी प्रोब (‘हा पत्ता कोणाकडे आहे का?’ असा स्थानिक नेटवर्कवरचा प्रश्न) पाठवून तो मोकळा आहे ना, हे तपासतं. तेव्हा निदानासाठी एवढं लक्षात ठेवा: पत्ताच नाही म्हणजे बहुधा कोणी विचारलंच नाही, १६९.२५४ आहे म्हणजे विचारलं होतं, उत्तर आलं नाही किंवा उशिरा आलं. पहिल्या बाबतीत क्लायंटच्या मशीनवर शोधा, दुसऱ्या बाबतीत टनेल आणि ब्रिजमध्ये (टनेल ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सांधा). तुमच्या मॅकवर बहुधा इंटरफेस आधी वर येतो आणि टनेलमधून फ्रेम जायला लागतात नंतर. तेवढ्यात डीएचसीपीने आशा सोडलेली असते. क्रम उलटा करा: आधी टनेलची हॅंडशेक पूर्ण, मग इंटरफेस वर.

विंडोजबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तीत आहे. ओपनव्हीपीएनने जुन्या टॅप-विंडोज ड्रायव्हरमध्ये चक्क एक छोटा खोटा डीएचसीपी सर्व्हर बसवला होता. सर्व्हरने कंट्रोल चॅनेलमधून १०.८.०.६ हा पत्ता पाठवला की क्लायंट तो ड्रायव्हरला कळवायचा. मग विंडोजच्या सेवेने डिस्कव्हर पाठवला की ड्रायव्हर मधल्या मध्ये तो अडवून १०.८.०.५ च्या नावाने ऑफर द्यायचा. लीजचा, म्हणजे पत्ता वापरण्याच्या मुदतीचा, कालावधी ३१५३६००० सेकंद, म्हणजे पूर्ण एक वर्ष. आयपीकॉन्फिगमध्ये डीएचसीपी सर्व्हर १०.८.०.५ दिसतो म्हणून लोक सर्व्हरवर जाऊन पॅकेट पकडायला बसतात, आणि तिथे ६७-६८ पोर्टवर एकही पॅकेट दिसत नाही. दिसणार कसं? ती सगळी बोलाचाली क्लायंटच्या कर्नलमध्येच आटोपलेली असते.

ही युक्ती करण्यामागे कारण होतं. विंडोजवर पत्ता बदलायला ॲडमिनचे अधिकार लागतात. डीएचसीपीची सेवा मात्र वापरकर्त्याच्या अधिकारांवर अवलंबून नसते, त्यामुळे साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमलाही तिच्याकरवी पत्ता बसवून घेता यायचा. पण किंमत मोजावी लागायची. कोणी डीएचसीपी क्लायंट सेवा बंद करून ठेवली असली, किंवा एखाद्या अँटीव्हायरसच्या फायरवॉलने ते पॅकेट गिळलं, की ‘इंटरफेस वर येण्याची वाट पाहत आहे’ ही ओळ लॉगमध्ये पुन्हा पुन्हा उमटत राहायची. म्हणून पुढे ‘ॲडॅप्टिव्ह’ पद्धत आली: आधी डीएचसीपी करून बघायचं, २० सेकंदांत जमलं नाही तर नेटश ही विंडोजची कमांड वापरून पत्ता थेट लिहायचा. आज नवा क्लायंट लिहिताना या वाटेने जाऊ नका. सिस्टिम अधिकाराची एक छोटी सेवा ठेवा, साधा प्रोग्रॅम तिच्याशी बोलेल, आणि सेवा विंडोजच्या आयपी हेल्पर एपीआयने पत्ता लिहील. ओपनव्हीपीएननेही २.४ पासून हीच सोय केली.

विंडोजवर थेट पत्ता लिहिताना माशी शिंकते ती दोन ठिकाणी. पहिलं, पत्ता लिहिला म्हणजे तो वापरायला तयार झाला असं नाही. हा पत्ता आणखी कोणाकडे नाही ना, याची चाचणी चालू असेपर्यंत तो ‘टेंटेटिव्ह’ असतो. त्या काळात त्यावर सॉकेट बांधायला गेलात तर चूक परत येते. लोक मग तिथे दोन सेकंदांचा स्लीप घालतात, आणि हळू मशीनवर तोही पुरत नाही. पत्ता बदलल्याची सूचना देणारी सोय आयपी हेल्परमध्ये आहे. तिच्यावर कान ठेवा आणि अवस्था ‘प्रेफर्ड’ झाली की पुढे सरका. त्याहून बरं, टनेलमधला पत्ता सर्व्हरनेच दिलेला असल्यामुळे चाचणीची गरजच नाही, तर डीएडी ट्रान्समिट (त्या चाचणीच्या पॅकेटची संख्या) शून्य करून टाका. वायरगार्डचा विंडोज क्लायंट हेच करतो, शिवाय त्या इंटरफेसवर राउटर डिस्कव्हरीही बंद ठेवतो. ही एक ओळ नक्की उचलण्यासारखी आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे जुन्या ॲडॉप्टरवर राहून गेलेला तोच पत्ता. क्लायंट अर्ध्यात कोसळला, ॲडॉप्टर डिसकनेक्ट अवस्थेत राहिलं आणि पुढच्या वेळी नवं ॲडॉप्टर तयार झालं, की ‘ऑब्जेक्ट आधीच अस्तित्वात आहे’ असं उत्तर मिळतं. नवा पत्ता लिहिण्याआधी बंद पडलेल्या इंटरफेसवर तो शिल्लक आहे का बघा आणि असला तर काढा. चालू इंटरफेसवर असेल तर मात्र हात लावू नका. तो खरा पत्तासंघर्ष आहे आणि वापरकर्त्याला तो स्पष्ट शब्दांत सांगायला हवा.

लिनक्सवर पत्ता लिहिणं सोपं, तो टिकवणं अवघड. नेटलिंकवरून (कर्नलशी थेट बोलण्याची सोय) पत्ता आणि राउट लिहा. आयपी कमांड चालवून तिचा मजकूर वाचत बसू नका. पण त्याच मशीनवर कोणी नेटवर्कडीच्या फाइलमध्ये ‘नाव काहीही असो, डीएचसीपी चालव’ असा सरसकट नियम लिहून ठेवला असेल, तर तुमचा टॅप त्यात सापडतो. टॅप हा इथरनेट प्रकारचाच दिसत असल्यामुळे ‘फक्त इथरनेट’ असं म्हणूनही तो सुटत नाही. नियमात ‘काइंड’ची अट घालून आभासी इंटरफेस वगळावे लागतात. डीएचसीपीसीडीही वेगळं सांगितलं नाही तर तुमचा इंटरफेस आपला समजू शकतो आणि उत्तर आलं नाही की १६९.२५४ चा पत्ता बसवतो. तिथे डिनाय-इंटरफेसेसमध्ये टॅप घालणं हाच उपाय. तुमच्या इन्स्टॉलरने या दोन्हींसाठी एकेक छोटी फाइल टाकावी, असं माझं मत आहे. मदतपानावर सूचना लिहून भागत नाही. ते पान कोणी वाचत नाही.

मॅकवर टॅपचा नाद सोडा. त्यासाठी कर्नल एक्स्टेंशन लागतं, आणि ॲपल सिलिकॉनच्या मशीनवर ते चालवायला रिकव्हरीत जाऊन सुरक्षेची पातळी खाली आणावी लागते. कुठलीही शहाणी आयटी टीम याला परवानगी देणार नाही. नेटवर्क एक्स्टेंशनचा पॅकेट टनेल प्रोव्हायडर वापरा, तो आयओएसवरही तोच आहे. तिथे पत्ता, मास्क, राउट, डीएनएस, एमटीयू हे सगळं एका सेटिंग ऑब्जेक्टमध्ये भरून एकदम द्यायचं असतं. फक्त डीएनएस बदलायचा असला तरी पूर्ण संच पुन्हा द्या. अर्धवट दिलात तर उरलेलं पुसलं जातं.

अँड्रॉइडवर व्हीपीएन सर्व्हिसच्या बिल्डरला पत्ता आधी सांगावा लागतो, मग एस्टॅब्लिश (टनेलचा इंटरफेस उभा करणारं फंक्शन). एकही पत्ता दिला नाही तर एस्टॅब्लिश नकार देतं. म्हणजे ‘आधी इंटरफेस, मग डीएचसीपी, मग पत्ता’ हा क्रम इथे अशक्यच आहे. पत्ता बदलायचा असेल तर नव्या पत्त्याने पुन्हा एस्टॅब्लिश करा आणि नवा डिस्क्रिप्टर हातात आल्यावरच जुना बंद करा. उलट केलंत तर मधल्या फटीतून उघडा ट्रॅफिक बाहेर जातो.

या दोन बंदिस्त ओएसमुळे माझा कौल आणखी पक्का होतो. दोन ठिकाणी पत्ता तुम्हालाच द्यावा लागणार असेल, तर उरलेल्या दोन ठिकाणी वेगळी वाट कशाला? जुन्याजाणत्या प्रोटोकॉलनीही हेच केलं आहे. पीपीपीत आयपीसीपी पत्ता ठरवतं, आयकेईव्ही२ मध्ये कॉन्फिगरेशन पेलोड आहे, आणि वायरगार्डने तर विषयच मिटवला: पत्ता कॉन्फिग फाइलमध्ये, पुढची सोय तुमची तुम्ही बघा.

आता तुमची खरी अडचण. ऑफिसच्या नेटवर्कवाल्यांना सगळे पत्ते त्यांच्याच डीएचसीपी सर्व्हरमधून द्यायचे आहेत, कारण नोंदी आणि राखीव पत्ते तिथे आहेत. मागणी रास्त आहे. पण म्हणून क्लायंटने डीएचसीपी बोललंच पाहिजे असं नाही. तुमच्या व्हीपीएन सर्व्हरने क्लायंटच्या वतीने लीज घ्यावी आणि मिळालेला पत्ता कंट्रोल चॅनेलमधून क्लायंटला कळवावा. स्ट्राँगस्वान या व्हीपीएन सॉफ्टवेअरमधला डीएचसीपी प्लगइन नेमकं हेच करतो, आणि वापरकर्त्याच्या ओळखीवरून हॅश काढून मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता, ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) बनवण्याची सोयही त्यात आहे. त्यामुळे त्याच माणसाला दर वेळी तोच पत्ता मिळतो. सोबत सर्व्हरने त्या पत्त्यांच्या वतीने एआरपीला उत्तरं द्यावी लागतात, नाहीतर ऑफिसमधल्या मशीनना क्लायंट सापडणार नाहीत. लीजचं नूतनीकरणही सर्व्हरनेच बघावं. क्लायंट झोपला, उठला, वायफायवरून मोबाइल डेटावर गेला, तरी त्याला यातलं काही कळतही नाही.

मॅक पत्त्याचा मुद्दा हलका समजू नका. लिनक्सवर टॅप नव्याने तयार झाला की त्याला दर वेळी वेगळा यादृच्छिक मॅक मिळतो. डीएचसीपी सर्व्हरच्या लेखी तो दर वेळी नवा पाहुणा. पूल २०० पत्त्यांचा आणि लीज दिवसाची असली, तर रेंज येत-जात असलेल्या जागी बसलेले काही लॅपटॉप संध्याकाळपर्यंत तो पूल संपवू शकतात. मॅक एकदाच बनवा, पहिल्या बाइटमध्ये स्थानिक पत्त्याचा बिट लावा (०२ ने सुरुवात केली की झालं) आणि तो जपून ठेवा.

क्लायंटच्याच बाजूने डीएचसीपी करायची वेळ आलीच, तर ओएसच्या डीएचसीपी क्लायंटवर सोडू नका, प्रोग्रॅममध्येच एक छोटा डीएचसीपी क्लायंट लिहा. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक एवढीच देवाणघेवाण आहे. ब्रॉडकास्ट फ्लॅग लावा, कारण पत्ता नसताना युनिकास्ट उत्तर तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. ट्रान्झॅक्शन क्रमांक जुळवून बघा. लीजच्या निम्म्या वेळेला नूतनीकरण, ८७.५ टक्क्यांना ब्रॉडकास्टने पुन्हा प्रयत्न. आलेला पत्ता मग प्रत्येक ओएसच्या एपीआयला द्या. फ्रेमला इथरनेटचं डोकं लावणं आणि एआरपीला उत्तर देणं हे काम तुमच्या अंगावर येतं, पण चारही ठिकाणी कोड एकच राहतो.

यात गेटवे डीएचसीपीच्या उत्तरातल्या तीन नंबरच्या ऑप्शनमधून येतो आणि तिथे बरेच जण आपटतात. ऑफिसचा डीएचसीपी सर्व्हर ऑफिसचा राउटर गेटवे म्हणून सांगणार. तो तसाच डिफॉल्ट राउट म्हणून बसवला की व्हीपीएन सर्व्हरकडे जाणारे एन्क्रिप्ट केलेले पॅकेटसुद्धा टनेलमध्ये शिरू बघतात. टनेल स्वतःच्याच पोटातून जाऊ शकत नाही. जोडणी झाल्याझाल्या काही सेकंदांत मरते. सॉफ्टइथरचा लिनक्स क्लायंट वापरणाऱ्यांना हे पाठ असतं: तिथे आभासी कार्डावर डीएचसीपी आपणच चालवायचा आणि त्याआधी व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्यासाठी मूळ गेटवेमधून एक स्वतंत्र होस्ट राउट घालायचा. डिफॉल्ट राउट काढण्याऐवजी ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन अर्धे राउट घाला, म्हणजे मूळ राउट जागेवर राहतो आणि बाहेर पडताना साफसफाई सोपी होते. १२१ नंबरचा ऑप्शन, म्हणजे क्लासलेस राउट, आला असेल तर आरएफसी ३४४२ प्रमाणे तीन नंबरकडे दुर्लक्ष करायचं असतं, हेही विसरू नका.

हाच १२१ नंबर खऱ्या कार्डाच्या बाजूने धोकाही ठरतो. मे २०२४ मध्ये ‘टनेलव्हिजन’ नावाने जाहीर झालेली त्रुटी, सीव्हीई-२०२४-३६६१, हीच होती. वायफायवर कोणी स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर चालवून १२१ मधून तुमच्यापेक्षा नेमके राउट पाठवतो, आणि ट्रॅफिक टनेल सोडून उघड्यावर जातो. टनेल जोडलेलाच दिसतो, वापरकर्त्याला काही कळत नाही. अँड्रॉइड हा ऑप्शन मानतच नाही, म्हणून तिथे धोका नव्हता. लिनक्सवर फायरवॉल मार्क आणि स्वतंत्र राउटिंग टेबल वापरलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. वायरगार्डचं डब्ल्यूजी-क्विक मुख्य टेबलमधला फक्त शून्य लांबीचा, म्हणजे डिफॉल्ट, राउट दाबतं. /१ चा राउट घुसवला तर तो जिंकतो. खात्रीचा उपाय दोनच: नेटवर्क नेमस्पेस (लिनक्समधला वेगळा नेटवर्क कप्पा), किंवा फायरवॉलचा असा नियम की खऱ्या कार्डावरून फक्त व्हीपीएन सर्व्हरकडे आणि डीएचसीपीसाठीच पॅकेट जावं.

आयपीव्ही६ ची गोष्ट वेगळी, आणि बहुतेक क्लायंट तिथे आळस करतात. टन इंटरफेस (टॅपचा भाऊ, यातून इथरनेट फ्रेमऐवजी फक्त आयपी पॅकेट जातात) वर आला की लिनक्स कर्नल त्याला एफई८० ने सुरू होणारा, फक्त त्या दुव्यापुरता पत्ता देतं आणि राउटर शोधायला पॅकेट सोडतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘क्लायंटकडून चुकीचा सोर्स ॲड्रेस, पॅकेट टाकलं’ अशी ओळ येते आणि लोक हल्ला झाला समजून घाबरतात. त्या इंटरफेसवर राउटर ॲडव्हर्टाइझमेंट घेणं आणि पत्ता आपोआप बनवणं, दोन्ही बंद करा. टॅप ब्रिज केला असेल तर ऑफिसचे राउटर ॲडव्हर्टाइझमेंट थेट क्लायंटपर्यंत येतात आणि तो आपलं सगळं आयपीव्ही६ ऑफिसमधून फिरवतो. उलटंही होतं: क्लायंटने आपल्या बाजूला ब्रिज केलं की त्याच्या घरच्या राउटरचा डीएचसीपी ऑफिसातल्या मशीनना पत्ते वाटायला लागतो. ब्रिजवर यूडीपी ६७-६८ आणि आयसीएमपीव्ही६ चे १३३, १३४ प्रकार (राउटरचा शोध आणि राउटर ॲडव्हर्टाइझमेंट) कुठल्या दिशेने जाऊ द्यायचे, हे पहिल्या दिवशीच ठरवा. आणि टनेल फक्त आयपीव्ही४ चा असेल तर आयपीव्ही६ स्पष्टपणे अडवा, नाहीतर ते खऱ्या कार्डावरून मजेत बाहेर जात राहील.

राहिला तो प्रकार जो बग रिपोर्टमध्ये सर्वांत गोंधळाच्या रूपात येतो: ‘सकाळी जोडलं, दुपारपर्यंत ठीक, मग नावं उघडेनात, पिंग मात्र चालतं.’ यात टनेलचा दोष नसतो. खऱ्या वायफाय कार्डाची लीज निम्म्यावर आली, तिथल्या डीएचसीपी क्लायंटने नूतनीकरण केलं आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (डीएनएस सर्व्हरची नोंद असलेली फाइल) पुन्हा लिहून तुमचा डीएनएस पुसला. ती फाइल स्वतः लिहू नका. सिस्टमडी-रिझॉल्व्हडी असेल तर टनेलच्या इंटरफेसपुरता डीएनएस त्याला कळवा. दोन्ही इंटरफेसचे डीएनएस मग वेगवेगळे राहतात. वायफाय बदलल्यावर व्हीपीएन सर्व्हरचा होस्ट राउट जुन्या गेटवेकडे बोट दाखवत राहणं हे याचंच भावंड, म्हणून डिफॉल्ट राउट बदलल्याची सूचना ऐकून तो ताबडतोब नव्याने लिहा. विंडोजवर पुन्हा जोडताना ॲडॉप्टरची ‘केबल’ काढून परत लावू नका. तसं केलंत की पत्ता जातो, पत्त्यासोबत राउट जातात, आणि पत्ता परत आला तरी राउट येत नाहीत.

हे सगळं तपासायला चाचणीच्या राउटरवर डीएनएसमास्क हा छोटा डीएचसीपी सर्व्हर बसवा आणि लीज त्याच्या किमान मर्यादेवर, म्हणजे दोन मिनिटांवर आणा. मग टनेल जोडून एक मोठी फाइल उतरवायला लावा, मधेच लॅपटॉप झोपवा, दुसऱ्या वायफायवर उठवा. दुसऱ्या वायफायचा सबनेट मुद्दाम ऑफिसच्या सबनेटसारखाच ठेवा, उदाहरणार्थ दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४. तिथे क्लायंटने गपचूप चुकीच्या प्रिंटरशी बोलण्यापेक्षा अडचण सांगून थांबावं, एवढं जमलं तर तो बाहेर द्यायला हरकत नाही.